फोन खाडीत पडला तरी खातं आपल्याच ताब्यात राहावं म्हणून

तारकर्लीच्या होमस्टेचं बुकिंग, देवगडच्या आंबापेटीची ऑर्डर, हर्णैच्या लिलावाचे पैसे आणि नातवाचे मुंबईहून आलेले फोटो, हे सगळं आता एकाच फोनवर येतं. त्या फोनमागे मुख्य खाती चार: मोबाइल नंबर, जीमेल, व्हॉट्सॲप आणि बँक. बँकेचं खातं सगळे जपतात, पण चोर तिथून सुरुवात करत नाही. नंबर हाती आला की ओटीपी त्याच्याकडे जातो. जीमेल हाती आलं की ‘पासवर्ड विसरलात का?’ या बटणाचं उत्तर त्याच्याकडे जातं. मग बँक आपोआप येते. म्हणून आधी सिम, मग जीमेल, मग व्हॉट्सॲप आणि त्यानंतर पैशांची ॲप्स, या क्रमाने काम करावं.

शहरातल्या वाचकांसाठी लिहिलेल्या सूचनांत फोन कायम रेंजमध्ये आणि कायम कोरडा असतो. आपल्याकडे तो होडीतून पडतो, जुलैच्या पावसात भिजतो आणि वाडीत रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळते. त्यामुळे चोराला बाहेर ठेवण्याइतकंच, फोन गेल्यावर आपण स्वतः बाहेर अडकू नये हेही बघावं लागतं. खाली दोन्हीचा विचार एकत्रच केला आहे.

हे सगळं करायला दोन-तीन संध्याकाळी लागतात. मासेमारीवाल्यांना १ जून ते ३१ जुलैची बंदी सोयीची. होमस्टेवाल्यांनी दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी उरकावं.

## सिमपासून सुरुवात

नंबर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आईच्या हातातला नंबर बोरिवलीच्या मुलाच्या नावावर, दुकानाचा नंबर वारलेल्या काकांच्या नावावर, असं कोकणात घरोघरी सापडेल. सिम हरवलं की नवं सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्याच्याच ओळखपत्रावर मिळतं. मुलगा गणपतीला येईपर्यंत आईचं बँकेचं कामकाज ठप्प. जो नंबर बँकेला दिला आहे तो खातेदाराच्याच नावावर करून घ्या. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर चालू असलेले सगळे नंबर दिसतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर त्याच्यापुढे ‘नॉट माय नंबर’ निवडून तिथूनच कळवा.

दुसरं काम सिमला पिन लावण्याचं. ते फार थोडे लोक करतात आणि त्याचा उपयोग फार मोठा आहे. फोनचं लॉक फोनपुरतं असतं. चोर सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिक्युरिटी, मग सिम लॉक (काही फोनमध्ये हे ‘मोअर सिक्युरिटी सेटिंग्ज’च्या आत असतं) इथे पिन चालू करता येतो. आयफोनमध्ये तो सेल्युलरच्या आत ‘सिम पिन’ नावाने आहे. चालू करताना कंपनीचा मूळ पिन विचारतो. इथे अंदाजाने आकडे टाकू नका, कस्टमर केअरला विचारून घ्या. तीन चुकांनंतर सिम पीयूके कोड (कंपनीकडून मिळणारा सिम उघडायचा कोड) मागतं आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं. पिन लावल्यावर फोन बंद करून चालू केला की दर वेळी तो टाकावा लागेल. घरातल्या वयस्करांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरून फोन बंद पडला की ‘फोन बिघडला’ म्हणून दुकानात जातील.

सिम स्वॅपची, म्हणजे चोराने आपल्या नंबराचं नवं सिम स्वतः काढून घेतल्याची खूण म्हणून सगळीकडे एकच सांगतात: अचानक नेटवर्क गेलं तर सावध व्हा. आपल्याकडे नेटवर्क रोजच जातं, त्यामुळे ही खूण जशीच्या तशी उपयोगाची नाही. ती अशी पारखा. त्याच ठिकाणी, त्याच कंपनीचा दुसरा फोन बघा. त्याच्यावर रेंज आहे आणि आपल्यावर ‘नो सर्व्हिस’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसतंय, फोन बंद-चालू करूनही फरक नाही, तर त्या दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला फोन करून ‘माझ्या नंबरावर नवं सिम निघालंय का?’ विचारा. नवं सिम निघाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. तेवढी सवड आपल्याला मिळते. ती वाया घालवायची नाही.

कुरिअरवाला म्हणून फोन करून ‘पार्सल अडकलंय, हा नंबर डायल करा’ सांगणाऱ्याचा डाव कॉल फॉरवर्डिंगचा असतो. त्या कोडने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू येतो. स्टार आणि हॅशने सुरू होणारा कुठलाही कोड दुसऱ्याच्या सांगण्यावरून डायल करू नये. शंका असली तर *#२१# डायल करून कॉल कुठे वळवलेत का ते बघा, किंवा फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये जाऊन कॉल फॉरवर्डिंग बंद करा.

आता राहिला रिचार्ज. गावच्या घरातला जुना नंबर बँकेला जोडलेला असतो आणि वर्षभर कुणी त्यात पैसे भरत नाही. असा नंबर बंद होतो आणि किमान ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे मेसेज कुणा भलत्याच्याच फोनवर वाजायला लागतात. यात हॅकरचा काही हातच नसतो. बंद करायचा नंबर आधी बँक, आधार, जीमेल आणि व्हॉट्सॲपमधून बदला, मगच सोडा.

## जीमेल

जीमेलची तपासणी फोनवरून होते, शेवटची पायरी सोडून. सेटिंग्ज, मग गूगल, मग ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’ आणि त्यात सिक्युरिटी हा भाग उघडा.

१. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा. हे खातं मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलं असेल तर इथे त्याचाच ईमेल सापडण्याची शक्यता बरीच. तो काढा. दुसरा ईमेल स्वतःचाच पण कधी न उघडलेला असेल तर तोही बदला. दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगल पुसून टाकू शकतं आणि नेमक्या गरजेच्या दिवशी रिकव्हरीचा पत्ताच शिल्लक नसतो.

२. ‘युवर डिव्हाइसेस’ उघडा. तुमचं खातं कुठल्या कुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर चालू आहे त्याची यादी दिसेल. विकून टाकलेला फोन, सायबर कॅफे किंवा सेतू केंद्रातला कॉम्प्युटर, पुतण्याचा लॅपटॉप: जे आपलं नाही ते साइन आउट करा.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. म्हणजे पासवर्ड कळला तरी दुसरा पुरावा लागतो. पुराव्याचे प्रकार बरेच आहेत आणि त्यांचा दर्जा सारखा नाही. एसएमएसने येणारा कोड सगळ्यांत कच्चा, कारण तो सिमवर अवलंबून आणि रेंज नसेल तर येतच नाही. ऑथेंटिकेटर ॲप त्यापेक्षा पक्कं. ते दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दाखवतं आणि तो फोनमधलं घड्याळ आणि एक गुप्त किल्ली यांवरून तिथल्या तिथे तयार होतो. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही. डोंगरामागच्या वाडीत याइतकी सोयीची गोष्ट नाही. फक्त फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर असू द्या. घड्याळ मिनिटभर मागेपुढे झालं की कोड चुकीचा ठरतो आणि माणूस ॲपला दोष देत बसतो. याहून पक्की पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली किल्ली. तिच्यात बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने काम होतं, आणि खोट्या वेबसाइटवर ती चालतच नाही. नवीन फोन असेल तर तीही चालू करा.

४. बॅकअप कोड काढून घ्या. इथेच लोक आळस करतात. टू-स्टेपच्या पानावर ‘बॅकअप कोड्स’मध्ये आठ आकडी दहा कोड मिळतात. प्रत्येक एकदाच चालतो. फोन पाण्यात गेला, सिम गेलं, ऑथेंटिकेटर गेलं, तरी यातल्या एका कोडने नव्या फोनवर खातं उघडतं. हे कोड त्याच फोनच्या गॅलरीत ठेवून उपयोग नाही, कारण फोनबरोबर तेही जाणार. कागदावर लिहा, तेही पेन्सिलीने. पावसाळ्यातल्या ओलीने पेनाची शाई फुटते, पेन्सिलीचं अक्षर टिकतं. कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या जिथे ठेवता तिथे ठेवा, आणि दुसरी प्रत मुंबईच्या घरी. नवे कोड काढले की जुने दहाही रद्द होतात. तेव्हा कागदावर तारीख घाला.

५. ही पायरी ब्राउझरमध्ये, कॉम्प्युटरवर करावी लागते, कारण जीमेलच्या ॲपमध्ये ती दिसतच नाही. जीमेल उघडून सेटिंग्जमधलं ‘सी ऑल सेटिंग्ज’ निवडा. त्यात ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ ही दोन पानं बघा. आत शिरलेला चोर बऱ्याचदा एक नियम लावून ठेवतो: बँकेचा किंवा बुकिंगचा मेल आला की माझ्याकडे पाठव आणि इथून पुसून टाक. तुम्ही पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. महिनोन्महिने बुकिंगचे मेल ‘येतच नाहीत’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे पान उघडून बघावं.

## पासवर्ड

पासवर्डबद्दल जुने सल्ले अजून फिरतात: दर महिन्याला बदला, एक मोठं अक्षर, एक चिन्ह. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत हे केव्हाच मागे टाकलंय. लांबी महत्त्वाची. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा वाढवत नेतो, एवढंच होतं. पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदलावा.

चार-पाच असंबद्ध शब्द निवडा आणि मराठीच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. तिरफळ, पंखा, उधारी, वल्हं असे, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आरतीची ओळ, म्हण, गाण्याचा मुखडा नको. ग्रामदेवतेचं नाव आणि जन्मसाल नको. होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक तर मुळीच नको, तो होडीच्या बाजूला हातभर अक्षरांत रंगवलेला असतो.

लांबीपेक्षाही घातक चूक म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे. एखाद्या खरेदीच्या वेबसाइटचा डेटा फुटला की चोर तेच ईमेल आणि पासवर्ड जीमेल, फेसबुक, बुकिंगच्या साइटवर यंत्राने टाकून बघतो. आपला ईमेल कुठल्या फुटलेल्या डेटात आहे ते ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर फुकट कळतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली.

एवढे वेगळे पासवर्ड डोक्यात राहत नाहीत. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप वापरा, किंवा गूगलच्या फोनमधलाच वापरा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वहीत लिहावेत. वहीला लोक हसतात, पण घरातल्या कपाटातली वही परदेशातला चोर वाचू शकत नाही. वही काउंटरवर, पाहुण्यांच्या नोंदवहीशेजारी ठेवू नये म्हणजे झालं. पाठ करायचे पासवर्ड दोनच: जीमेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा.

## व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲप जातं ते सहा आकडी कोडमुळे. ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून मेसेज येतो: ‘चुकून तुझ्या नंबरावर कोड गेलाय, पाठव ना.’ पाठवणाऱ्याचं खातं आधीच गेलेलं असतं आणि तो कोड तुमच्या व्हॉट्सॲपचा असतो. वाडीच्या ग्रुपवर एकाचं गेलं की दोन दिवसांत पाचजणांचं जातं, कारण मागणारा शेजारीच दिसतो.

सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथे सहा आकडी पिन ठरवा आणि ईमेलही द्या. आता कोड मिळाला तरी पिनशिवाय चोर आत येत नाही. ईमेल न देणाऱ्याने पिन विसरला तर सात दिवस थांबावं लागतं. मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. इथे अनोळखी ब्राउझर दिसला तर कुणीतरी तुमचे सगळे मेसेज दुसरीकडे वाचत आहे. त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. ‘फोटो बघण्यासाठी हा कोड टाका’ म्हणणाऱ्या लिंका याच दाराने शिरतात: तुम्ही कोड टाकता आणि चोराचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडला जातो.

खातं गेलंच तर त्याच नंबराने व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करा, एसएमएसने आलेला कोड टाका. चोर त्या क्षणी बाहेर पडतो. त्याने आपला पिन लावला असेल तर तुम्हालाही सात दिवस आत जाता येणार नाही, पण तोही बाहेरच राहील. एकामागून एक कोड मागत बसू नका, व्हॉट्सॲप पुढच्या प्रयत्नाला तासन्‌तास थांबवून ठेवतं.

## फाइल म्हणून आलेलं ॲप

लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, थकीत वीजबिल, पीएम किसानची यादी. नाव काहीही असो, शेवटी ‘डॉट एपीके’ असेल तर ती पत्रिका किंवा यादी नसून ॲप आहे. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असतो किंवा व्हिडिओ असतो. तिला इन्स्टॉल करावं लागत नाही.

हे ॲप इन्स्टॉल झाल्यावर एसएमएस वाचायची परवानगी मागतं, बऱ्याचदा ‘ॲक्सेसिबिलिटी’चीही. पहिलीने ओटीपी चोराकडे जातात. दुसरीने तो तुमच्या पडद्यावर काय चाललंय ते बघू शकतो आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबू शकतो. पुष्कळदा त्याचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं होतं आणि माणसाला वाटतं, काही उघडलंच नाही.

आधीच बंदोबस्त करा. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांसमोरचं बटण बंद ठेवा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स तपासणारी गूगलची सोय) चालू आहे ना ते बघा. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर हे करायला प्रत्येकी पाच मिनिटं पुरतात.

चुकून इन्स्टॉल झालं असेल तर:

आधी फ्लाइट मोड लावा आणि वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. मग फोन सेफ मोडमध्ये चालू करा (बहुतेक फोनवर पडद्यावरचं पॉवर-ऑफचं बटण दाबून धरलं की पर्याय येतो), म्हणजे बाहेरून आलेली ॲप्स चालत नाहीत. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत शेवटी आलेलं अनोळखी ॲप शोधा. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये जाऊन आधी त्याचा अधिकार काढा, मग ते निघेल. तरी खात्री नसेल तर फोटोंचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. बाधा झालेल्या फोनवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोरालाच कळवणं.

## यूपीआय, कार्ड आणि आधार

पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, तरी दर हंगामात कुणीतरी फसतं, कारण समोरचा घाई करतो. नमुना ठरलेला: ‘सैन्यातून बोलतोय, बारा जणांसाठी तीन दिवस खोल्या हव्यात. आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, आधी मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करून एक रुपया पाठवा, दुप्पट परत येईल.’ रुपया परत येतोही. पुढचा क्यूआर वीस हजारांचा असतो. आंबेवाल्यांना हाच माणूस पन्नास पेट्यांची ऑर्डर देतो. पैसे देणाऱ्याला तुमचा यूपीआय आयडी किंवा तुमचा क्यूआर पुरतो. तो त्याचा क्यूआर का पाठवतोय, एवढाच प्रश्न विचारावा.

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याकडे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद केली. दुकानदार म्हणून नोंद असलेल्या काहींची येऊ शकते. तेव्हा पिन टाकण्याआधी पडद्यावर ‘पे’ असं लिहिलंय का आणि पुढे नाव कुणाचं आहे ते वाचायची सवय ठेवाच.

काउंटरवरच्या क्यूआरला जे खातं जोडलंय त्यात ठेवी ठेवू नका. यूपीआयसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि दर आठवड्याला त्यातले पैसे मूळ खात्यात वळवा. मूळ खातं कुठल्याही यूपीआय ॲपला जोडूच नका. चोरी झाली तर ती आठवड्याच्या गल्ल्यापुरती होते. सगळ्या उपायांत हा सर्वांत बिनखर्ची आणि सर्वांत परिणामकारक वाटतो, तरी लोक तो शेवटी करतात.

फोनच्या कव्हरमागे काय ठेवलंय ते आता काढून बघा. डेबिट कार्ड आणि आधार कार्ड असेल. नवा यूपीआय पिन ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्यावरची मुदत आणि ओटीपी लागतो, काही बँका एटीएम पिनही मागतात. आधारच्या वाटेने आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. म्हणजे फोन, सिम आणि कार्ड आपणच एका गठ्ठ्यात बांधून ठेवलं. कार्ड वेगळ्या खिशात ठेवा.

आधारचा अंगठा वापरून पैसे काढायची सोय म्हणजे एईपीएस. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक केलं की चोरलेल्या ठशाने पैसे निघत नाहीत. पण एक अडचण आहे: रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालणार नाही. रेशनला जाताना थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येतं, त्यासाठी ओटीपी, म्हणजे रेंज लागते. दुकान रेंजबाहेर असेल तर घरून निघण्याआधी पूर्ण अनलॉक करा, परत आल्यावर पुन्हा लॉक. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला हे झेपत नसेल तर लॉकचा आग्रह धरू नका, त्याऐवजी बँकेत जाऊन एईपीएस बंद करून मिळेल का ते विचारा. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादीही दिसते. अधूनमधून चाळावी.

बँकेची वेबसाइट म्हणून काही उघडत असाल तर पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतोय का बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तो पासबुकावर आणि कार्डाच्या मागे छापलेला असतो.

## होमस्टे चालवत असाल तर

इथे तुमच्याकडे इतरांचाही डेटा असतो. पाहुणे व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवतात, तो गॅलरीत उतरतो, तिथून गूगल फोटोजमध्ये चढतो आणि घरातल्या चार फोनवर पसरतो. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंग्जमधली ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. पाहुण्यांना मास्क्ड आधार मागा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नोंदवहीत लागेल तेवढं लिहून घेतल्यावर फोटो पुसा.

वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लिहायला हरकत नाही, पण ते नेटवर्क पाहुण्यांचं वेगळं असावं. राउटरच्या पानावर (बऱ्याच ठिकाणी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून उघडतं) ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. तिथेच राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला. तो कंपनीने दिलेलाच राहिला तर पडवीत बसलेला पाहुणा तुमच्या सेटिंग्ज बदलू शकतो. आवारातल्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचंही तेच. बसवणारा माणूस ‘ॲडमिन’ आणि १२३४५६ ठेवून जातो. हा पासवर्ड त्याच्यासमोरच बदलून घ्या.

गूगल मॅप्सवरचं आपलं नाव आठवड्यातून एकदा उघडून फोन नंबर तपासा. तिथे कुणीही ‘सजेस्ट ॲन एडिट’ करून नंबर बदलायला सुचवू शकतं. तिथलं बिझनेस प्रोफाइल ‘क्लेम’ करून आपल्या ताब्यात घेतलं असेल तर बदल लक्षात येतो आणि परतवता येतो. नाहीतर आगाऊ रक्कम भलत्याकडे जाते आणि पाहुणे सामान घेऊन तुमच्या दारात उभे. बुकिंग साइटच्या नावाने ‘पाहुण्याची तक्रार आली आहे, इथे लॉग इन करा’ असे मेल येतात. लिंकवर न जाता साइटचं ॲप उघडून तिथेच बघा. कुठलंही पान ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला विंडोज आणि आर दाबा, इथे पेस्ट करा’ सांगत असेल तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे बंद करा. त्या पेस्टमध्ये व्हायरस असतो.

## पैसे गेले किंवा फोन गेला तर

पैसे गेले तर सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पोलीस ठाण्यात जायला एसटी शोधत बसू नका, ते नंतर. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकतात आणि वाटेत कुठेतरी गोठवता आले तरच हाती लागतात. हाताशी असू द्या: रक्कम, वेळ, आपला खाते क्रमांक, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा नंबर किंवा आयडी. १९३० लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

मग बँकेला कळवा, फोनवर आणि लेखीही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजून दोन दिवस गप्प बसण्यात नुसता तोटा आहे. मेसेज पुसू नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या.

फोन हरवला तर क्रम असा. दुसऱ्या फोनवरून गूगलच्या ‘फाइंड’ सेवेत जाऊन फोन लॉक करा, लागलं तर पुसा. कंपनीकडून सिम बंद करा. बँकेला सांगून यूपीआय थांबवा. पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या आणि तिची प्रत जोडून संचार साथीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो. खोकं ठेवलं नसेल तर आजच *#०६# डायल करून तो नंबर बॅकअप कोडच्या त्याच कागदावर लिहून टाका. नवं सिम हाती येईपर्यंत जीमेल उघडायला त्या कागदावरचा एक कोड वापरायचा, आणि वापरला की त्यावर रेघ मारायची.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत. चौकशीचा नंबर १४४४८. तक्रारीला बँकेला दिलेल्या अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून बँकेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेबाहेर पडू नका.